काकूंना लिहायच्या चार ओळी

आईला नाशिकहून नामपूरला घरी आणल्यापासून मी रोज ठरवत होते, आज काकूंना चार ओळी लिहायच्या. निघताना तोंडी आभार मानले होते, पण ते आईला गाडीच्या मागच्या सीटवर झोपवण्याच्या गडबडीत. ते काही खरं नव्हे. रोज शाळेतून यायचं, आईला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, पेज भरवायची. मग कागद समोर घेतला की डोळे मिटायला लागायचे.

काकू म्हणजे माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एका मैत्रिणीची आई. नाशिकला गंगापूर रोडवर दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला आणि इथल्या डॉक्टरांनी नाशिकला न्यायला सांगितलं, तेव्हा मैत्रिणीने मला विचारलंसुद्धा नाही. थेट माहेरी फोन लावला. तोवर मी काकूंना एकदाच, तिच्या मुलाच्या बारशात, ओझरतं पाहिलं होतं. त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "आधी आंघोळ कर. बोलायचं नंतर."

पुढे महिनाभर मी त्यांच्याकडे राहिले. दिवसा दवाखान्यात मी, रात्री भाऊ. तो आला की मी रिक्षा करून गंगापूर रोडला. काकूंचं घर शिस्तीचं. चपला कपाटातच ठेवायच्या, आंघोळ झाली की बाथरूम कोरडं करायचं, जेवताना टीव्हीवर मालिका चालू असायची आणि मध्ये बोलायचं नाही. सुरुवातीला मला ते जड गेलं, नंतर बरं वाटायला लागलं. दिवसभर नातेवाइकांना तेच तेच सांगून जीभ दुखायची. इथे कुणी काही विचारत नव्हतं. एकदा आईची उलटी माझ्या ओढणीवर झाली. ती ओढणी पिशवीत गुंडाळून आणली, सकाळी गुपचूप धुवावी म्हणून. सकाळी बघते तर ती दोरीवर वाळत होती.

एका संध्याकाळी मी किल्लीने दार उघडून आत आले, तर काकू आतल्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होत्या.

"होतंय गं सगळं, पण दमले मी. घर आपलं राहत नाही. पाणी प्यायला उठायचं तरी पाय न वाजवता."

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. राग आला नाही. लाज मात्र वाटली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या एका बाईकडे जवळच्या धर्मशाळेची चौकशी केली आणि संध्याकाळी ताटावर बसल्यावर म्हटलं, "काकू, दवाखान्याजवळच खोली मिळतेय. उद्यापासून तिकडेच राहते. येण्याजाण्याचा त्रास वाचेल."

काकूंनी टीव्ही बंद केला. मालिका अर्धीच होती.

"काल ऐकलंस ना?"

मी भात कालवत राहिले.

"दमले म्हणाले. जा म्हणाले का?"

"नाही, पण..."

"मग? बहिणीपाशी बोलायचं नाही तर कुणापाशी? तू नाही दमलीस?"

आई आजारी पडल्यापासून मी रडले नव्हते. तेव्हा मात्र हातातला घास तसाच राहिला. काकू उठून जवळ आल्या नाहीत, पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "दोघी दमलोय. जेव आणि झोप. भांडी राहू देत आज सिंकमध्ये." त्यांच्या घरात त्या दिवशी खरकटी भांडी तशीच राहिली.

आता हे पत्रात कसं लिहायचं? पहिल्या कागदावर लिहिलं, "आपण केलेल्या आदरातिथ्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे." शाळेच्या स्नेहसंमेलनात आभारप्रदर्शन माझ्याकडेच असतं, तसंच ते वाटलं, फक्त मंडपवाल्याचे आभार राहिले होते. फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, "तुम्ही मला लेकीसारखं वागवलंत." तेही खरं नव्हतं. लेक असते तर भांडले असते. मी पाहुणी होते आणि थकले होते. त्यांचं घर होतं आणि त्याही थकल्या होत्या.

आई पलंगावरून बघत होती. तिचं बोलणं अजून जड आहे, एकेक शब्द ओढून काढावा लागतो.

"काय लिखी ऱ्हायनी?"

म्हटलं, नाशिकला ज्यांच्याकडे राहत होते ना, त्या काकूंना.

ती "तिले... सांग," म्हणाली, आणि पुढचा शब्द सापडेना. चांगला हात हवेत हलवत राहिली, मग चिडली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तिला काय सांगायचं होतं ते मला कळलं नाही. नंतर विचारलं तर तिलाही आठवेना.

मग मी सरळच लिहिलं: "काकू, तुम्ही दमला होतात तरी मला राहू दिलंत. त्या दिवशी जा म्हटलं असतंत तर मी गेले असते आणि मनात काही ठेवलं नसतं. पण तुम्ही भात वाढलात. मला कुठेच रडायला जागा नव्हती, ती तुमच्या घरात मिळाली. आई आता उशीला टेकून बसते." मैत्रीण शनिवारी माहेरी जाणार होती, तिच्याकडे पाकीट दिलं.

रविवारी काकूंचा फोन आला. "मिळालं. अक्षर फार बारीक काढतेस. वर्गातल्या पोरांना फळ्यावरचं दिसतं का?"

पत्राबद्दल एवढंच. मग आई काय खाते ते विचारलं, ताकभात म्हटल्यावर मीठ बेताने घाल म्हणाल्या. आणि म्हणाल्या, गुडघ्याचं ऑपरेशन बरेच दिवस पुढे ढकललं होतं, आता दिवाळीनंतर करून टाकते.

"मी येईन तेव्हा," मी म्हटलं.

"आणि आईला कोण बघेल?"

भावाला रजा उरलेली नाही, आणि मी शाळेत असते तेव्हा वहिनीच आईपाशी असते, तिला आणखी किती सांगायचं.

"बघू," काकू म्हणाल्या.

"बघू," मीही म्हणाले. आईची कूस बदलायची वेळ झाली होती, म्हणून फोन ठेवला.