मास्तरांचे खाके

कपड्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. उंच, किडकिडीत, आणि बोलणंही तसंच सरळसोट. कॉम्प्युटरवर रेघा मारायचं काम तिच्याकडे आलं तेव्हा शिलाईवरच्या बायका हसून म्हणाल्या, नाव आधी पडलं, काम मागून आलं.

काम होतं कटिंगमास्तरांचे खाके कॉम्प्युटरवर चढवण्याचं. मास्तर म्हणजे तीस वर्षांचा मुरलेला हात. कापडावर ठेवून बेतायचे, जाड खाकी कागदाचे त्यांचे चारशे खाके भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. एकेक कागद स्कॅन करून पडद्यावर घ्यायचा आणि कडेकडेने बिंदू टाकत जायचं. दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ आपोआप उमटते. शिफ्टचं बटण दाबून धरलं की ती आडवी-उभी तसूभरही ढळत नाही. शेवटचा बिंदू पहिल्यावर टेकवला की आकृती बंद.

मास्तर स्टूल ओढून शेजारी बसत. "खांद्याची रेघ अशी सरळ नको गं पोरी. माणसाचा खांदा कुठे सरळ असतो? मधे एक बिंदू टाक आणि केसभर खाली ओढ."

ती ओढायची. कुठली बाही का उचलते, गळ्याला चुण्या कशाने पडतात, आजवर कुणाला न सांगितलेलं सगळं त्यांनी तिला सांगितलं.

निम्मे खाके झाले असतील. मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हे संपलं की मास्तरांना मोकळं करायचंय, तूर्त कुठे बोलू नकोस, म्हणाले.

ती जागेवर येऊन बसली. मास्तरांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"लवकर आटपा म्हणाले."

थोड्या वेळाने पडद्याकडे बघतच ते म्हणाले, "सगळं यात गेल्यावर माझं काय काम उरणार गं?"

"तुमच्यावाचून चालणार आहे का मास्तर?" ती म्हणाली, आणि तिने पुढचा बिंदू टाकला.

चार महिन्यांनी मास्तर आपली कात्री रुमालात गुंडाळून निघाले. ती हात धुवायला म्हणून गेली, ती ते फाटकाबाहेर पडेपर्यंत परतलीच नाही.

वर्षभराने धीर करून ती त्यांच्या घरी गेली. त्यांनी खुर्ची दिली, आत चहाचं सांगितलं, तिच्या आईची चौकशी केली.

"मास्तर, मला आधीपासून माहीत होतं."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "सांगितलं असतंस तरी खाके पुरे करून दिले असते मी. फक्त रोज घरी येऊन हिला सांगायचो ना, माझ्यावाचून तिथे पान हलत नाही म्हणून. तेवढं सांगितलं नसतं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. तिने चहा कसाबसा संपवला.

पुन्हा जाऊ, नीट माफी मागू, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. मास्तर वारल्याचं कळलं तेव्हा अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचली, आणि घरात त्यांची बायको असेल हे आठवून तिथूनच मागे फिरली.