फुटक्या मोदकांची पंगत

“आटोपलं,” मनोहरभाऊजी म्हणाले. काळाचौकीच्या आमच्या शाळेच्या दारात उभे होते, हातात टोपी, शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली. आत माझा चौथीचा वर्ग पाढे म्हणत होता. मी खडू ठेवून बाहेर आले, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतंच. राग आला. आटोपलं? अहो, तुमच्या बायकोचं आयुष्यात कधी काही आटोपलं होतं का? शालूचा स्वैपाक आटोपायचा नाही, धुणं आटोपायचं नाही, विणायला घेतलेला स्वेटर तीन पावसाळे एकाच बाहीवर अडकलेला, आणि बोलणं... ते तर देवानेही थांबवू नये. समोरच्या खोलीतून या माणसाचं ‘आटप, आटप’ मी पंधरा वर्षं ऐकत आले. शेवटी झालं त्यांच्या मनासारखं.

हे वाचून कुणी म्हणेल, बाई फार कडू बोलते. बोलते. महिना होऊन गेला, पण तोंडाची चव काही परत आलेली नाही. त्यात भर घातली ती शोकसभेने. तेरावं झाल्यावर चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत, आमच्या चाळ कमिटीचे चिटणीस गोविंदमास्तर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “शालिनीबाई या अत्यंत नीटनेटक्या, शिस्तप्रिय अशा आदर्श गृहिणी होत्या.” मी चपापून इकडेतिकडे बघितलं. सगळे माना डोलवत होते. भाऊजीसुद्धा! शेजारी बसलेल्या येसूआक्का, आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या, माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “गो विमल, ह्यो मेलो कोणाबद्दल बोलता गो?” त्या सभेत तेवढंच एक वाक्य शालूबद्दल होतं. मेलेल्या माणसाला आंघोळ घालतात ते समजू शकते मी, पण धुऊन धुऊन त्याचा चेहराच काढून टाकायचा म्हणजे काय? म्हणून हा लेख. नीटनेटक्या शालिनीबाईंवर लिहायला मास्तर समर्थ आहेत. मी शालूवर लिहिते.

आम्ही दोघी एकाच वैशाखात लग्न होऊन लालबागच्या या चाळीत आलो. मी मालवणची, ती त्याच्याही खालची, वेंगुर्ल्याकडची. माझं सगळं मापात. डबे उंचीप्रमाणे, साडीची घडी चाकूने कापल्यासारखी. तिच्याकडे मात्र पोहे चहाच्या डब्यात, चहा औषधाच्या बाटलीत, आणि औषध कुठे ते विचारायचं नाही. पहिल्याच आठवड्यात तिचं दूध उतू गेलं. दुसरी एखादी नवी नवरी रडली असती. ही गॅलरीत येऊन टाळ्या वाजवत ओरडली, “या गं या, आमच्याकडे दुधाची गंगा आलीय, हात लावून पुण्य घ्या!” आणि बायका खरंच आल्या, हसत. भाकरी करपली की ती भिंतीला टेकून उभी करायची आणि तिला हळदकुंकू लावायची. कप फुटला की त्यात पुदिना. तिच्या खिडकीत अशी फुटक्या कपांची बाग होती, आणि कुणाच्याही घरचा कप फुटला की तो आपोआप तिच्याकडे जायचा. भाऊजी गिरणीच्या हापिसात हजेरीवर. दिवसभर लोकांचं मिनिट मिनिट मोजून घरी यायचे आणि दारातच कपाळाला हात लावायचे. एकदा मीच तिला म्हटलं, “अगं, थोडं आवरत जा ना, त्यांच्यासाठी तरी.” ती वाल सोलत होती. सालं अर्धी सुपात, अर्धी जमिनीवर. वर न बघताच म्हणाली, “घरात मूल असतं तर पसारा त्याने केला असता. आता मलाच करायला लागतो गं. बिनमुलाचं घर नीट असलं की फार रिकामं दिसतं.” एवढं एकदाच बोलली. मग एक साल माझ्या केसात खोचून हसायला लागली, आणि मी पुन्हा कधी तिला आवरायला सांगितलं नाही.

तिची खरी करामत म्हणजे फुटक्या मोदकांची पंगत. गणपतीत घरोघर उकडीचे मोदक. ते उकडताना दोन-चार फुटतात, सारण बाहेर येतं, आणि असा मोदक काही बाप्पाच्या ताटात ठेवत नाहीत. बायका ते पदराआड लपवून चूपचाप खायच्या, जणू पाप केलंय. शालूने दुसऱ्याच वर्षी आरती झाल्यावर गॅलरीत केळीची पानं मांडली आणि ताट वाजवत फिरली, “ज्याचा फुटला त्याला पान! ज्याचा नाही फुटला त्याने आत बसून वरणभात गिळा!” त्या दिवसापासून सगळा मजला फुटके मोदक घेऊन उजळ माथ्याने पंगतीला. कुणाचा जास्त वाईट फुटला यावर भांडणं, आणि सगळ्यांत वाईट मोदकाला दूर्वांची जुडी. आता माझी पंचाईत ऐका. माझे मोदक फुटत नाहीत. बढाई मारत नाही, आईने हातावर पळी मारून मारून शिकवलंय. मग पंगतीच्या पहिल्या वर्षी मी माझं ताट घेऊन दारात उभी, आणि पंगतीत जागा नाही. शालू उठली, माझा सगळ्यांत देखणा मोदक उचलला, त्याच्या पोटात अंगठा घातला, आणि म्हणाली, “घे. आता तू माणसात आलीस.” त्यानंतर आम्ही मुंबईत असू त्या प्रत्येक गणपतीला हा विधी. मोदक माझा, अंगठा तिचा. तिचे स्वतःचे निम्मे फुटायचेच. ती खापर फोडायची मोदकपात्रावर. त्याचं झाकण माळ्यावरून पडून वाकलं होतं, वाफ बाजूने निसटायची, ती ओलं फडकं गुंडाळायची. “माझा काय दोष? झाकण वाकडं!” हे तिचं ठरलेलं.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. सभा, मोर्चे, प्रभातफेऱ्या, आणि मग संचारबंदी. खाली रस्त्यावर काय चाललं होतं ते मुंबईकरांना मी सांगायला नको. आमच्या गिरणगावातून गेलेली सगळीच माणसं परत आली नाहीत. त्या दिवसांत भाजीवाला नाही, दूध नाही, दारं लावून सगळे मुके बसलेले. शालूने घरोघर जाऊन उरलंसुरलं गोळा केलं. कुणाचे वाटाणे, कुणाची सुकलेली भेंडी, कुणाचे नुसते कांदे. एका पातेल्यात घातलं आणि नाव दिलं ‘सर्वपक्षीय आमटी’. म्हणाली, “एकमेकांचं तोंड न बघणारे पुढारी एका मांडवात आले, मग भेंडीनेच काय घोडं मारलंय?” चव विचारू नका. पण त्या संध्याकाळी चाळीत पहिल्यांदा माणसांचे आवाज आले. पुढे चाळीच्या चौकात सभा ठरली तेव्हा महाराष्ट्राच्या नकाशाची रांगोळी हिने घातली. मुंबई केवढी, तर टोपलीएवढी. कोकण लांबत लांबत जिन्यापर्यंत. नागपूर मोरीकडे घसरलेलं. मास्तर संतापले. “हा काय पोरखेळ? माणसं प्राण देतायत या नकाशासाठी! आणि बेळगाव कुठे आहे यात?” शालू कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आहे ना, मास्तर. जागा संपली म्हणून पायपुसण्याखाली गेलंय. उचला जरा.” सगळा चौक हसला. मास्तर नाही हसले. पण मी सांगते, त्या नकाशावर पोरासोरांचा पाय पडला तरी ती चिडली नाही, पुसलं तिथे निळी रांगोळी टाकून म्हणाली, “इथे आता तळं.” तिच्या महाराष्ट्रात सगळ्यांना जागा होती, चुकलेल्यांनासुद्धा.

गेल्या वर्षी गणपतीला आम्ही गावी होतो. परत आल्यावर पिशव्या ठेवायच्या आत मजला हसत सुटला, “विमलताई, मोठी मजा हुकली तुमची! शालूवहिनींचे यंदा एकूण एक मोदक फुटले! एकालाही धड कळ्या नाहीत, नुसते गोळे. म्हणाल्या, झाकणाने यंदा सूडच घेतला. पंगत त्यांनी एकटीनेच घातली म्हणा ना!” नैवेद्याचे मोदक येसूआक्कांकडून आणावे लागले होते आणि भाऊजी दोन दिवस बोलले नव्हते. मी हसायला तोंड उघडलं... आणि हसूच आलं नाही. निम्मे फुटणं म्हणजे शालू. पण कळ्या? कळ्या ती सुरेख पाडायची. मी तशीच तिच्या खोलीत गेले. चहा करत होती. साखरेचा चमचा कपापर्यंत जाईना, वाटेतच सांडत होता. मी तिचा हात हातात घेतला. अंगठ्यामागचं मांस आटून तिथे खळगा पडला होता. “कधीपासून?” मी विचारलं. “आखाडापासून,” ती म्हणाली. मग दार लोटून घेतलं आणि अगदी हळू म्हणाली, “चाळीत कुणाला सांगू नकोस, तुला माझी शपथ. आत्ता सांडलं की हसतात. मग सांडलं की गप्प होतील. ते नाही सोसवायचं मला.”

तीच तर गोम आहे. दुसऱ्या कुठल्याही घरात बाईच्या हातून रोज पेला पडला असता तर चौथ्या दिवशी कुणीतरी विचारलं असतं, काय होतंय? शालूचा पेला पडला की टाळ्या पडायच्या. आमच्या मजल्याने तिच्या आजाराची सहा महिने मौज बघितली. मी चाळीला सांगितलं नाही, पण भाऊजींना सांगितलं. शपथ चाळीपुरती होती, तीत भाऊजी नव्हते. ते कपडे दोरीवर सरळ करत म्हणाले, “हे नवीन काय आहे, विमलवहिनी? पंधरा वर्षं सांडतेच आहे.” तीनदा सांगितलं. तीनदा हेच. शेवटी पौषात पेटत्या स्टोववरून तिच्या हातातलं पातेलं निसटलं, पाय भाजला, तेव्हा परळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी भाजल्यापेक्षा हातच जास्त बघितले. नसांचा आजार, म्हणाले, बळ जात जाणार, पुढे श्वासही. लवकर आणलं असतं तरी उपाय नव्हता, असंही म्हणाले. हे वाक्य भाऊजींना फार उपयोगी पडलं, अजूनही पडतं. मला नाही पडत. उपाय नव्हता मान्य, पण ते सहा महिने तिला कुणी बस म्हणायला तर हवं होतं!

चैत्र संपता संपता ती गेली. तेराव्याच्या आत राज्य झालं. मुंबईसह! खाली चौकात पताका, पेढे, गुलाल, आणि मधोमध नकाशाची रांगोळी. मास्तरांनी दोरी धरून, खडूने चौकटी आखून काढली होती. मुंबई बरोब्बर मुंबईएवढी. नागपूर जागच्या जागी. बेळगाव मात्र नव्हतं. या खेपेस पायपुसण्याखालीसुद्धा नव्हतं. रांगोळीभोवती सुतळी बांधून पाटी लावली होती, पाय देऊ नये. मी वरून गॅलरीतून बघत होते आणि समोर तिचं दार बंद. ज्या दिवसासाठी आम्ही दोघी घसा फुटेपर्यंत ओरडलो, त्या दिवशी मला एक पेढा गिळवेना. इतकं सुबक राज्य आलं आणि त्यात तिने घोळ घालायला ती नव्हती.

गेल्या आठवड्यात भाऊजींनी खोलीला चुना लावून घेतला. खिडकीतले कप गेले. डबे उंचीप्रमाणे लागले, अगदी माझ्यासारखे. घर असं झालंय की आत हाक मारली तर घुमेल. रविवारी ते मोदकपात्र घेऊन माझ्या दारात आले. “भंगारात द्यायचं होतं. झाकण वाकडंय. तुम्हाला हवं तर...” मी घेतलं. ते जाईनात. खाली बघत म्हणाले, “वहिनी, घरात काही पडतच नाही हो आता.” त्या माणसाची मला पहिल्यांदा कणव आली, आणि आली म्हणून आणखी राग आला. मी दार लावून घेतलं.

परवा संकष्टीला त्याच भांड्यात मोदक केले. झाकण वाकडं ते वाकडंच, वाफ बाजूने फसफसत होती, तिच्यासारखं ओलं फडकंही मी मुद्दाम गुंडाळलं नाही. म्हटलं, फुटू देत. एकदा तरी माझे फुटू देत. झाकण काढलं... एकूण एक अखंड. कळी न् कळी जागेवर. झाकणाचा कधीच काही दोष नव्हता. मी त्यातला सगळ्यांत देखणा मोदक वेगळा काढून पानावर ठेवला आणि समोर बसले. माझाही अंगठा आहे, धडधाकट आहे, पण तो काही पुढे होईना. आमचे हे म्हणाले, “चंद्र उगवला, नैवेद्य दाखव.” मी म्हटलं, थांबा जरा. गॅलरीकडचं दार सताड उघडं ठेवून बसून राहिले. समोर भाऊजींकडे दिवा होता, सगळं जागच्या जागी होतं. पानावरचा मोदक गार झाला, तरी त्याला कुणी हात लावला नाही.