बरणी फुटली म्हणून

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही — तो तर गेलासुद्धा. लेकीला नाही. अंबाबाईपुढं कितीदा हात जोडून उभी राहिले, तिथंही इकडचं तिकडचं मागितलं आणि प्रसाद घेऊन परत आले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ फार हुशार होते, आणि हुशार जिभेनं काय होतं ते मी बघितलंय.

परवा नातीनं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी लसूण सोलत बसले होते. "आज्जी, ही म्हस बघ की, लय भारी हाय!" एका जुन्या गावरान पिक्चरमधला तुकडा होता. भांडकुदळ घर, कमरेवर हात ठेवलेली बाई, मान खाली घालून बसलेला तिचा नवरा, आणि दोघांच्या मध्ये म्हैस. बाई म्हशीला म्हणते — सांग त्यांना, भाकरी निवायला लागलीय. नवरा म्हशीला म्हणतो — सांग तिला, आलोच. तेवढंच. नात हसून हसून लोळली. मीसुद्धा हसले. हसले म्हणजे — तोंड तसं केलं.

ती बाई कोण होती, मला ठाऊक आहे. नटी नव्हे. खरी.

मी लग्न होऊन राधानगरीकडच्या त्या गावात गेले तेव्हा कशी होते सांगू? आरशात बघून स्वतःलाच डोळा मारणारी. दहावीला एका विषयात गेलेली, तरी सासरी सगळ्यात शिकलेली म्हणून नाक वर. कुणाचीही नक्कल पाच मिनिटांत उचलायची. सासूबाईंचं तंबाखू मळणं, तलाठ्याचं खाकरणं, देवळातल्या गुरवाचं नाकातून बोलणं — सगळं यायचं. विहिरीवर बायका मला घेरून बसायच्या. मला वाटायचं, केवढा गुण दिलाय देवानं! आता वाटतं, माकडाला आरसा दिला होता, दुसरं काय.

घरात भांडणाला तोटा नव्हता. उसाच्या पाण्यावरून भांडण, शेणी कुणी थापायच्या त्यावरून भांडण, चहात साखर कमी म्हणून भांडण. आमच्या घरातला आवाज ऐकून पाहुण्यांना वाट सापडायची. गप्प होती ती एकटी आक्का. माझी थोरली जाऊ.

म्हणजे सगळ्यांशी बोलायची ती. मला तर लेकीसारखं बघायची — माझ्या वाटणीच्या शेणी गुपचूप थापून ठेवायची. फक्त नवऱ्याशी बोलायची नाही. दादांशी. त्यांच्याशी काही बोलायचं असलं की गोठ्याकडं तोंड करायची आणि आमच्या म्हशीला सांगायची, "चांदे, सांग त्यास्नी, भाकरी निवाय लागलीया." दादा वैरण टाकत असायचे. तेही म्हशीलाच म्हणायचे, "चांदे, सांग तिला, आलोच म्हणावं." चांदी दोघांकडं आळीपाळीनं बघत रवंथ करायची. कपाळावर पांढरा टिक्का होता तिच्या. शहाणी म्हैस. माझ्यापेक्षा शहाणी — ऐकलेलं तिनं कधी दुसरीकडं नेलं नाही.

का बोलत नव्हती आक्का? ते सांगायला हवं. तिथंच तर —

त्यांना एक मुलगा होता, बाळू. मी त्या घरात यायच्या आधीची गोष्ट. पावसाळ्यात त्याला ताप चढला. ओढ्याला पूर आला होता, रस्ता बंद. आक्का म्हणत होती, खांद्यावर घ्या आणि चला. दादा म्हणाले, पाणी ओसरू दे. चूक होती का त्यांची? ओढ्यात उतरले असते तर दोघंही गेले असते, असं गाव म्हणायचं. पाणी ओसरलं. बाळू राहिला नाही. त्या दिवसापासून आक्का नवऱ्याशी बोलली नाही. आणि तरी त्याची भाकरी निवू नये असं तिला वाटायचं. मग मध्ये म्हैस आली. आता कळतं, ती म्हैस नव्हती — पूर आलेल्या ओढ्यावर टाकलेलं लाकूड होतं. त्याच्यावरून दोघं एकमेकांकडं थोडं थोडं येत होती. मी बघत होते की! दादा हल्ली "आलोच" म्हणताना चांदीकडं न बघता आक्काकडं बघायला लागले होते. मला दिसत होतं. नक्कल करणाऱ्याला सगळं दिसतं.

तेवढ्यात गावात शूटिंगवाले आले.

भांडणाऱ्या घराचा विनोदी पिक्चर काढायचा होता त्यांना. शाळेत उतरले होते. दादा रोज सकाळी त्यांना दूध घालायला जायचे आणि चहा पिऊन यायचे. एके दिवशी त्यांचा लेखक आमच्या सोप्यावर येऊन टेकला. चष्मा लावलेला, चिरमुरे खात. बरोबर दोन नट्या. पुरुष रानात होते, आक्का गवताला गेली होती. तो म्हणाला, "वहिनी, ऐकलंय तुमच्या घरात जोरात भांडणं होतात?" असं कुणी विचारल्यावर दुसरीनं चहा देऊन वाटेला लावला असता. मी पदर खोचला.

काय काय करून दाखवलं! सासूबाई झाले, दीर झाले, चहातली साखरसुद्धा झाले असेन. नट्या पोट धरून हसत होत्या. आणि मग — सगळ्यात शेवटी, कारण चांगला माल शेवटी काढायचा असतो — मी आक्का झाले. कमरेवर हात ठेवला, मान गोठ्याकडं वळवली, आवाज थोडा घोगरा केला. "चांदे, सांग त्यास्नी..."

लेखकानं चिरमुरे खाली ठेवले. तो हसला नाही आधी. डोळे बारीक करून म्हणाला, "पण ती नवऱ्याशी बोलत का नाही?"

इथं मी थांबायला हवं होतं. थांबले — क्षणभर. बाळूचं नाव जिभेवर आलं होतं. पण बाळूचं नाव घेतलं असतं तर ते हसायचे बंद झाले असते. नट्यांनी च्‌ च्‌ केलं असतं, लेखक चष्मा पुसत उठला असता. तो सोपा, ते हसणं, ते माझ्याकडं वळलेले चेहरे — सगळं गेलं असतं. म्हणून मी म्हणाले, "त्यानं लोणच्याची बरणी फोडली म्हणून!"

केवढे हसले ते.

एका पोराची मी बरणी केली. दुसऱ्याच्या पोराची. आणि मोबदला काय? एका सीनमध्ये घागर घेऊन जायला मिळालं. आजही तो पिक्चर लागला तर नीट बघा — डाव्या कोपऱ्यात एक घागर जाते आणि तिच्याबरोबर एक कोपर. ते कोपर माझं. तेवढी मी पडद्यावर आले.

पिक्चर कोल्हापुरात लागला. अख्खं गाव ट्रॉलीत बसून बघायला गेलं. बायका एका बाजूला, पुरुष पुढं. आक्का माझ्या शेजारी होती. आणि सांगू? ती हसत होती. सासूबाईंसारखी कुणीतरी तंबाखू मळताना दिसली तेव्हा तिनं माझ्या मांडीवर चापट मारली. मी तिला एवढं हसताना कधीच बघितलं नव्हतं. मग गोठा आला. म्हैस आली. कपाळावर पांढरा टिक्का, चांदीसारखाच. थेटरात शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्या गावची माणसं मागं वळून आक्काकडं बघून टाळ्या पिटायला लागली. तिचा हात माझ्या मांडीवर तसाच राहिला होता. पडद्यावर कुणीतरी विचारलं, बोलत का नाहीस गं नवऱ्याशी? आणि नटी म्हणाली — बरणी.

मांडीवरचा हात गार पडत गेला. तो गारवा मला अजून येतो. थंडीत नाही, कधीही येतो.

घरी आल्यावर तिनं मला चुलीपाशी गाठलं. ओरडली नाही. "सुमे, खरं सांग. कुणी सांगितलं गं त्या लोकांस्नी?"

बघा, किती सोपं होतं. दोन शब्द — मी सांगितलं. तिनं झिंज्या उपटल्या असत्या, चार वर्षं अबोला धरला असता. धरू दे. पण मी काय म्हणाले? "मला काय ठावं आक्का? दादाच रोज दूध घालाय जात हुतं की."

पहिले शब्द सोडले तर त्यात खोटं काहीच नाही. रोजच जात होते दादा. मी फक्त खरी गोष्ट चुकीच्या जागी ठेवली. दहावी शिकल्याचा एवढा एकच उपयोग मी केला असेन.

दुसऱ्या दिवशी आक्का मला म्हणाली, "ती म्हस इका म्हणावं त्यास्नी." म्हशीला नाही — मला म्हणाली. मी पदर सावरून दाराआड उभी राहिले आणि दादांना निरोप दिला. थोरल्या दिराशी मी तोवर धड बोललेही नव्हते. दादांनी विचारलं, "का?" मी म्हणाले, "मला काय ठावं." हे वाक्य आता पाठ झालं होतं. बाजाराच्या दिवशी दादा चांदीला घेऊन गेले. परत आले तेव्हा नुसतं दावं खांद्यावर होतं.

आणि मग मी त्या घरातली म्हैस झाले.

सांग त्यास्नी. सांग तिला. वर्षानुवर्षं. पण आता भाकरी निवत नव्हती. निरोप असायचे ते औषधाच्या फवाऱ्याचे, सोसायटीच्या मीटिंगचे, पाहुण्यांच्या लग्नाचे. दादांचं "आलोच" मी कधी पोचवलं नाही, कारण तसं कुणी बोलावलंच नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, सुमन होती म्हणून घर टिकलं गं. मी खाली मान घालून ऐकून घ्यायचे. लाजायचेसुद्धा. कमाल आहे ना? नक्कल करता करता माणूस चांगल्या माणसाचीही नक्कल करायला शिकतं.

शेवटचं सांगते. हे सांगायचं म्हणूनच बाकीचं सांगितलं.

आक्का अंथरुणाला खिळली. काही खात नव्हती. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. आवाज गेला होता, कान तोंडाशी न्यावा लागला. ती म्हणाली, "त्यास्नी एक इचार. माझ्या बाळूची बरणी करताना जीभ कशी धजली?"

एवढ्या वर्षांत तिनं हा प्रश्न पाठवला नव्हता. मी उठले. दादा अंगणात बाजेवर बसले होते, म्हातारे झालेले, हातात काही नाही. मला बघून उठायला लागले. "काय म्हणतीया?"

मी तो निरोप दिला असता तर दादा काय म्हणाले असते? म्हणाले असते, मी न्हाय सांगितलं. आणि मग कोण उरत होतं?

मी पदर डोक्यावर घेतला. आवाज घोगरा झाला — मुद्दाम केला का? देवाशपथ आठवत नाही. मी म्हणाले, "म्हणत्यात, भाकरी निवाय लागलीया."

तुम्ही तो चेहरा बघायला हवा होता. नको. कुणीच बघू नये. म्हातारा माणूस उन्हात उभा राहिला आणि एखाद्या पोरासारखा उजळला. "आलोच म्हणावं," म्हणाले. पाय धुतले. टोपी सारखी केली. आणि आत गेले — हसत.

आक्का दाराकडं डोळे लावून होती. तिनं विचारलं होतं बरणीचं, आणि तो माणूस हसत आत आला. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं. मग माझ्याकडं. मग तोंड भिंतीकडं फिरवलं. दिवेलागणीच्या आत ती गेली, भिंतीकडंच बघत.

दादा पुढं बरीच वर्षं होते. दहाव्याला आलेल्या माणसांना सांगत होते, जाताना तिनं मला जेवायला बोलवलं हो. नंतरही ज्याला त्याला सांगायचे. सांगताना माझ्याकडं बोट करायचे — इचारा सुमनला. आणि मी मान हलवायचे.

तर परवा, लसूण सोलताना. नातीनं तो तुकडा पुन्हा लावला आणि म्हणाली, "आज्जी, तुला येतंय का असं म्हणाय?" मी पदर डोक्यावर घेतला. कमरेवर हात ठेवला, मान गॅलरीच्या कठड्याकडं वळवली. म्हणून दाखवलं. पोरीनं मोबाईलमध्ये धरलं सगळं, खिदळत होती नुसती. मग एकदम थांबून तिनं विचारलं, "पण आज्जी, ती नवऱ्याशी बोलत का न्हाय गं?"

घरात आम्ही दोघीच होतो. बाळूचं नाव घ्यायला कसलीच अडचण नव्हती.

मी म्हणाले, "बरणी फुटली म्हणून."