खांदेकरी

लंडनच्या हॅरो भागातले आमचे शेजारी आयर्लंडचे. तरुणपणी ते हर्लिंग खेळत. लाकडी काठी घेऊन चेंडूमागे धावायचा तो त्यांच्याकडचा खेळ. काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या संघातून, बारा वर्षं खेळले, पण सामन्यांबद्दल सांगायचं तर आपली वाकडी बोटं दाखवत. "हे पहिल्या वर्षीचं. हे फायनलचं."

"जिंकलात का?" माझ्या पत्नीनं एकदा विचारलं.

"मॅडम, जिंकलो असतो तर कप दाखवला असता, बोट कशाला?"

ती पोट धरून हसली होती.

या मार्चमध्ये ती गेली. क्रिमेटोरियमच्या दारात शवपेटीसाठी चाकांची गाडी आणली. मला तिला खांद्यावरून न्यायचं होतं, पण खांदा द्यायला मी, मुलगा आणि जावई, तिघंच होतो. तेवढ्यात शेजारी पुढे आले आणि त्यांनी कोट काढला.

"आमच्या गावात कुणी चाकांवरून जात नाही."

"अहो, पण तुमचा खांदा?"

"मोडला होता तो डावा. मला उजवा द्यायचाय."

पुढे आम्ही दोघं होतो. ते माझ्याहून वीतभर उंच. पेटी कलू नये म्हणून ते सबंध वाट गुडघ्यांत वाकून चालले. एकदा कण्हले, तसा मी थबकलो.

"थांबू नका," ते हळूच म्हणाले. "तुमच्या चालीनं येतोय मी."