वृक्काकार पान

धाकट्या भावाला मी माझी एक किडनी देणार हे ठरलं, त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर किडनीचं चित्र काढून दाखवलं. मी पटकन म्हणाले, "अय्या, हे तर ब्राह्मीचं पान!"

शेजारी बसलेला सुधीर कितीतरी दिवसांनी हसला. "ताई, डॉक्टर काय सांगतायत आणि तू काय बघतेस!"

मी औषधी वनस्पतींच्या बागेत झाडांच्या पाट्या लिहिते. ब्राह्मीच्या पाटीवर पुस्तकात बघून 'पान वृक्काकार' असं मीच लिहिलं होतं. हा शब्द वृक्षावरून आला असणार, असं समजून चालले होते. घरी येऊन शब्दकोश उघडला. वृक्क म्हणजे मूत्रपिंड. संस्कृतातला जुना शब्द.

मला नवल वाटलं. पान उन्हात, सगळ्यांसमोर वाढतं आणि त्याला नाव मिळालं ते पोटात लपलेल्या अवयवाचं! हे साम्य पहिल्यांदा कुणाला दिसलं असेल? त्याने एका हातात पान आणि दुसऱ्या हातात मूत्रपिंड धरून पाहिलं असेल का?

मी सुधीरला फोन करून सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "ताई, भीती नाही वाटत?"

"वाटते रे. पण आता निदान काय देतेय ते कळलंय."

ऑपरेशनला दोन महिने झाले. किडनी बिघडल्यामुळे इतकी वर्षं घोट मोजून पाणी पिणारा सुधीर परवा माझ्याकडे आला, तांब्याभर पाणी गटागटा प्यायला आणि म्हणाला, "अजून दे."