सरांना मासे जोडीनंच पाहिजे होते

"सलीम, सोनी खायना झालीय. ये लवकर. आन हिनं बी सकाळपासून चहाला तोंड लावलं न्हाई."

फोन आमच्या सरांचा. मुदखेडला असतात, शाळेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांचा विद्यार्थी. आता नांदेडात माझं अ‍ॅक्वेरियमचं दुकान आहे. 'हिनं' म्हणजे काकूंनी. आणि सोनी म्हणजे काकूंची लाडकी मासोळी, शेंदरी रंगाची प्लॅटी.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले चाला, पण काकू दिवाणावरून उठेनात. भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. जीव रमावा म्हणून सरांनी माझ्याकडून टाकी नेली आणि दिवाणासमोर मांडली. काकू इकडं वळल्या. माशांना नावं दिली, त्यांच्याशी बोलायला लागल्या. आता सोनीला काही झालं तर त्या परत भिंतीकडं वळणार, याची सरांना धास्ती. खरं सांगतो, मलाही.

मासे निवडताना दुकानात आमची चांगलीच जुंपली होती. सरांनी आधी एंजलवर बोट ठेवलं. म्हटलं, नको, मोठा झाला की बारक्यांना गिळतो. मग टायगर बार्ब. तो दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. "सर, शांत टाकी पाहिजे ना? लाइव्हबेअरर घ्या. म्हणजे अंडी न घालता थेट पिल्लं देणारे. गप्पी, मॉली, प्लॅटी. आपलं बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरणारं, ते ह्यांना झकास मानवतं."

हे पटलं. अडलं ते आकड्यावर.

"प्रत्येकाची एकेक जोडी दे."

"सर, एका नरामागं दोन-तीन माद्या लागतात."

"काय बोलून राहिलास? समया जोडीनं, आहेर जोडीनं. सरळ माणसाचं घर हाय माझं!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली. ज्यांनी छडी उगारून पाढे पाठ करून घेतले त्यांच्यापुढं माझी काय बिशाद! दिल्या जोड्या बांधून.

तर फोन आला तसा टेस्ट किट घेऊन मुदखेड गाठलं. पाणी तपासलं, चांगलं होतं. हीटर ठीक. मग स्टूल ओढून नुसता बघत बसलो. आमच्या धंद्यात निम्मं निदान असं बसूनच होतं. सोनी फिल्टरमागं दडलेली, पोट फुगलेलं, पर मिटलेले. दाणे टाकले तशी बिचारी बाहेर आली, की नर लागलाच मागं. परत फिल्टरमागं. माद्या दोन-तीन असल्या की नराचा ताप वाटला जातो. एकटीच असली की सगळा तिच्याच वाट्याला.

आता हे सरांना कोणत्या तोंडानं सांगू, याचा विचार करत होतो, तोच काकू बोलल्या.

"तुला आत्ता दिसलं व्हय? मी कवापासून बघून राहिले. धड खाऊ देईना, धड बसू देईना मेला!"

तेवढ्यात सर पाण्याचा गिलास घेऊन आले. "गोळी घेतलीस का? पाय खाली सोड बरं. चल, ऊठ, जरा चाल."

"बघ सलीम, हे बी तसलेच," काकू म्हणाल्या. "मायेनंच करतेत, मला काय कळत न्हाई? पर दिवसभर मागं मागं. माणसानं आपल्या मनानं उठावं कवा?"

सरांनी गिलास खाली ठेवला. मी टाकीत बघत राहिलो. आणखी कुठं बघणार?

सर हळूच म्हणाले, "मग आण अजून दोन माद्या. एकाला तीन तर तीन."

"काही गरज न्हाई," काकू म्हणाल्या. "नर घेऊन जा. निवांत खाऊ दे तिला."

सगळे नर पिशवीत घेतले. टाकीत हायड्रिलाची झाडं दाट लावली, कारण पिल्लं झाली तर आयाच खातात. त्यांना लपायला जागा पाहिजे.

सोनी सावरली, तिला पिल्लंही झाली, आणि बऱ्याच दिवसांनी परत फोन. "सलीम, पिल्लं! जिऱ्याएवढाली! दुसऱ्या खेपेला! अरे पण नर तर तू कवाच नेलेस!"

"सर, ह्यांची मादी एकदा नराला भेटली की पुढं कैक महिने पिल्लं देते. नर लागत नाही."

सरांनी आवाज खाली आणला. मग, "हे हिला सांगू नको."

पिल्लांचं खाणं घेऊन गेलो. बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. आतून वॉकरची टकटक जवळ जवळ आली आणि दारात काकू. सर स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलेले. अर्धे उठले होते, काकूंनी तिथूनच दटावलं, "बसा तुम्ही. मी हाय ना."

सर बसले. डोळे भरले होते त्यांचे. माझेही.

नव्या गिऱ्हाइकाला मी आजही सांगतो: माद्या जास्त घ्या, झाडं दाट लावा आणि टाकीपाशी दिवसभर उभे राहू नका. यातलं शेवटचं मी मुदखेडला शिकलो.