दुसऱ्या कडव्याला कोणी थांबत नाही

माझं गाणं सुरू झालं की रानडुकरं पळतात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. नाचणगावच्या शिवारात कुणालाही विचारा.

गाणं एकच आहे. जुन्या हिंदी सिनेमातलं, चांगलं हळवं. त्याचं नाव सांगत नाही, कारण मूळ गायकाचा यात काही दोष नाही. मला जन्मात एवढं एकच गाणं पाठ झालं, तेही दोनच कडवी, त्यामुळे आयुष्यात जे काही घडलं ते ह्याच गाण्यावर घडलं. शोभाला पाहायला गेलो होतो, तेव्हा चहा-पोहे झाल्यावर तिच्या वडिलांनी विचारलं, "पोराले काही छंदगिंद?" मी उत्तर न देता थेट गायलाच लागलो. पहिलं कडवं सगळ्यांनी मुकाट ऐकलं. दुसऱ्या कडव्यात सूर एकदम वर जातो (मूळ गाण्यात जातो, माझा फक्त जायला निघतो आणि मध्येच कुठेतरी पडतो), तिथे गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली! घरातले सगळे पुरुष तिच्या मागे धावले आणि ओसरीवर उरलो मी आणि शोभा. म्हैस सापडेपर्यंत आमचं लग्न ठरलं होतं.

आजही हे गाणं लागलं की मला शोभाची हिरवी साडी आठवते. तिला म्हैस आठवते.

पुढे पल्लवी झाली. तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरताना हेच गाणं. पहिलं कडवं संपायच्या आत पोरगी डोळे मिटायची.

"पाह्य, बापाचा आवाज कसा ओळखते!" मी म्हणायचो.

"ओळखते म्हणूनच झोपते," चुलीजवळून शोभा बोलायची. "झोपल्याबिगर तुम्ही बंद होत नाई, हे समजलं तिले."

तर असं हे घरगुती गाणं. ते वावरात गेलं माझ्या मेहुण्यामुळे. घराला लागूनच आमचं हरभऱ्याचं वावर आहे, आणि त्या वावरावर आमच्यापेक्षा डुकरांचा हक्क जास्त. रात्र रात्र राखणीला, जागलीला जाऊन जाऊन मी कंटाळलो होतो. तेव्हा शोभाचा भाऊ संजू वर्ध्याहून एक मशीन घेऊन आला. छोटा भोंगा, बॅटरी, आणि दिवेलागणीला आपोआप सुरू होण्याची सोय. त्यात कुत्र्याचं भुंकणं आणि वाघाची डरकाळी भरलेली होती. चार दिवस डुकरं घाबरली, पाचव्या दिवशी वाघाच्या डरकाळीवर निवांत हरभरा खाऊन गेली.

"भाऊजी, यात आपला आवाज बी भरता येते," संजू म्हणाला. "तुमचं ते गाणं म्हना न एकदा."

मी खूश! रेकॉर्डिंग म्हटल्यावर मी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला (का, ते मला अजून कळलेलं नाही) आणि मनापासून गायलो. त्या संध्याकाळी कळप आला, पहिल्या कडव्याला कान टवकारून उभा राहिला आणि दुसऱ्या कडव्याला असा सुटला, की बांधावरची बाभूळसुद्धा हलली!

हरभरा वाचला, पण गाणं गेलं. रोज दिवेलागणीला भोंगा सुरू झाला की गावातल्या बाया म्हणायच्या, "डुकराचं गानं लागलं वो, चाला सैपाकाले!" ज्या गाण्यावर माझं लग्न ठरलं, त्याच्यावर आता गावाच्या चुली पेटायला लागल्या.

आणि त्याच हंगामात पल्लवीचं लग्न ठरलं. समुद्रपूरकडचं कास्तकार घर, पोरगा चांगला, माणसं मोजकं बोलणारी. लग्न घरासमोरच्या मंडपात. सगळं ठरलं आणि पल्लवी म्हणाली, "बाबा, मी निघतानी तुम्हीच गायचं. दुसरं गानं लावलं तं मी गाडीत बसनारच नाई."

माझे डोळे भरून आले. शोभाचे विस्फारले.

"काऊन पोरीचं वाटोळं करून राह्यले!" ती म्हणाली. "तुम्ही माईक घेतला का सारं गाव हासन. हे डुकराचं गानं आहे म्हनून समुद्रपूरच्या इवायाले कोनी सांगितलं तं? पोट्टीले जलमभर टोमने आयकावे लागतीन!"

"पन पल्लवीनं मांगितलं न."

"ती येडी आहे. तुमच्यावर गेली."

शेवटी ठरलं की मंडपवाला त्याचं एखादं नेहमीचं बिदाईचं गाणं लावेल आणि मी फक्त रडायचं. पण शोभाचं समाधान झालं नाही. "आन लग्नाच्या दिवशी दिवेलागनीले ते मशीन वावरात बोंबललं तं? नाक कटन! ते काढून आना आधी."

म्हणून लग्नाच्या सकाळी, नवऱ्या मुलीचा बाप असूनही, मी वावरात जाऊन भोंग्याची वायर सोडली आणि मशीन धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणून कोठीत, गव्हाच्या पोत्यामागे लपवलं. आजचा एक दिवस शिवार शांत राहील, एवढाच मी विचार केला. त्या शांततेचा डुकरं काय अर्थ काढतील, हा विचार मला शिवला नाही.

लग्न दुपारचं होतं (पत्रिकेप्रमाणे, लागलं उन्हं कलल्यावर). दिवेलागणीला पंगत बसली. आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, भात, बुंदी, मठ्ठा. व्याही पहिल्या पंगतीत, मी वाढायला. एवढ्यात मंडपाच्या मागून, जिथे आचाऱ्याचे भाजी-भाताचे गंज चुलीवर होते तिथून, धाडकन आवाज आला.

"कोन आहे रे?" आचारी ओरडला. आणि मग, पार वेगळ्या आवाजात, "बापा!"

कनात फाडून डुक्कर आत आलं. एक नाही, पाठोपाठ अख्खा कळप! बिचाऱ्यांनी कितीतरी दिवसांनी गाण्याशिवायची संध्याकाळ पाहिली होती, आणि वर बुंदीचा वास. पंगत उठली म्हणणं चुकीचं होईल, पंगत उडाली. विहीणबाई खुर्चीवर चढल्या. व्याही पत्रावळ हातात घेऊनच स्टेजवर चढले. मंडपवाला माईक टाकून आपल्या टेम्पोच्या टपावर. संजू "हुर्र, हुर्र" करत गेला आणि त्याहून वेगाने परत आला. एका डुकराने तोंड घातलेलं बुंदीचं पातेलं त्याच्या डोक्यातच अडकलं, आणि ते पातेल्यासकट थेट नवरा-नवरीच्या सोफ्याकडे निघालं.

मी भाताची टोपली घेऊन खांबासारखा उभा. तेवढ्यात शोभाने लुगड्याचा पदर खोचला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशी ओरडली:

"अवो, पाहून काय राह्यले! गा न!"

ह्या वाक्याची मी लग्न झाल्यापासून वाट पाहत होतो.

माईक उचलला आणि डोळे मिटून सुरू केलं. पहिलं कडवं. सगळी डुकरं जागच्या जागी थबकली, कान उभे. (माणसंही थबकली होती, पण त्यांचे हात कानांवर होते.) मी छाती भरून घेतली आणि दुसऱ्या कडव्यात शिरलो. सूर वर निघाला, मध्येच पडला, आणि तो पडला तसा कळप फिरला! कनातीला होतं ते भोक पुरलं नाही, त्यांनी नवीन पाडलं. पातेलेवालं डुक्कर दोन खांबांवर आपटून शेवटी पातेलं टाकून पळालं. मिनिटभरात मंडपात एकही डुक्कर नव्हतं आणि अख्खं गाव टाळ्या पिटत होतं. मला आजवर मिळालेल्या ह्या पहिल्या टाळ्या!

स्टेजवरून उतरत व्याही म्हणाले, "इवाई, हे काय होतं?"

आता काय सांगावं? मी शोभाकडे पाहिलं. ती तोऱ्यात म्हणाली, "गातात ते. आमच्याइकडं सारे ओळखतात त्याईले."

मग मंडपवाल्याच्या गाण्याचं नाव कोणी काढलंच नाही. पल्लवी निघाली तेव्हा मीच गायलो. पहिल्या कडव्याला तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहानपणी मिटायची तसे डोळे मिटले. मंडपातली एकही बाई कोरड्या डोळ्यांची राहिली नाही. दुसरं कडवं सुरू होताच वऱ्हाडाच्या गाड्या सुटल्या. एवढ्या झटपट निघालेलं वऱ्हाड आमच्या गावाने पाहिलं नव्हतं.

संजूने तोवर व्याह्यांना भोंग्याची सगळी हकिगत सांगून टाकली होती, आणि गाडीत बसण्याआधी त्यांनी फक्त एकच गोष्ट मागितली होती. मशीन. त्यांच्याकडेही हरभरा आहे.

आता पल्लवीचा फोन येतो. "बाबा, रोज दिवेलागनीले तुमचा आवाज येते. पहिल्या कडव्याले जीव भरून येते माझा."

"आन दुसऱ्या कडव्याले?"

"तवा सासूबाई खिडकी लावतात."

परवा जावयांनी सांगितलं की एक डुक्कर आता पळत नाही. बाकीचा कळप जातो, हे मात्र बांधावर बसून दुसरं कडवं संपेपर्यंत ऐकतं. संजू म्हणतो, सवय झाली असेल. जावई म्हणतात, बहिरं असेल. शोभा म्हणते, म्हातारं असेल, पळवत नसेल.

म्हणोत. मी तिसरं कडवं पाठ करायला घेतलं आहे.